विषय: हक्कसोडपत्र आणि इथला, म्हणजे ब्रिटनचा, इन्हेरिटन्स टॅक्स (वारसा कर), सॉलिसिटर (इथला वकील) हवाय (जरा घाई आहे)

निखिल:
मंडळी, चैत्रात बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. कागलच्या रानाची वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आता आई, ताई आणि मी. माझा हिस्सा ताईच्या नावे सोडायचाय, तीच तिथं असते, ऊस तोडीपासून बिलापर्यंत सगळं तीच बघते. कोल्हापूरच्या वकिलांनी मसुदा पाठवलाय आणि मुखत्यारपत्र करून द्या म्हणालेत. पण ऑफिसातला एकजण म्हणाला की इथल्या कायद्यानं मी ताईला गिफ्ट दिल्यासारखं होतं, आणि सात वर्षांच्या आत माझं काही बरंवाईट झालं तर ती जमीन माझ्या इस्टेटीत धरतात. दोन्हीकडचं कळणारा कुणी सॉलिसिटर माहितीय का? सुहासकाका पिकनिकला कुणाबद्दल तरी सांगत होते.

सुहास:
निखिल, उगाच घाबरवतात रे लोक. भारत आणि ब्रिटनचा 1956 चा करार आहे, कोल्हापूरच्या जमिनीला इथला टॅक्स लागत नाही. आपल्याकडचा मृत्युकर 1985 लाच गेला, पण करार अजून जिवंत आहे. मी हे मागं दिवाळीच्या कार्यक्रमातही सांगितलं होतं पण तेव्हा सगळे फराळाच्या रांगेत होते. आणि सॉलिसिटर तासाचे पैसे लावतात, आधी इथं विचारायचं आणि मग जायचं.

वैशाली:
काका, करार आहे हे बरोबर, पण तो मृत्यूच्या वेळी ज्याचं डोमिसाइल (कायद्याच्या नजरेत कायमचं घर) भारतात आहे त्याच्यासाठी. निखिलनं ब्रिटिश पासपोर्ट घेतलाय, घर इथं, पोरं इथं, परत जायचा विचार नाही. त्याचं डोमिसाइल भारतात आहे हे कोण मान्य करणार? शिवाय एप्रिल 2025 पासून नियमच बदललाय, वीसपैकी दहा वर्षं इथं राहिलं की जगभरातली मालमत्ता इथल्या टॅक्समध्ये येते, 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के (घर पोरांना जात असेल तर आणखी 1,75,000 पर्यंत सूट). आणि शेतीची सूट म्हणाल तर ती आता फक्त ब्रिटनमधल्या जमिनीला, कागलचा ऊस त्यात बसत नाही.
निखिल, तुझ्या बाबांचं इथं काही नव्हतं, त्यामुळं त्यांच्या इस्टेटीवर इथला टॅक्स नाहीच. प्रश्न तुझ्या सोडण्याचा आहे. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत लेखी डीड ऑफ व्हेरिएशन (वारशाची वाटणी बदलणारा दस्त) केलं आणि त्यात इथल्या इन्हेरिटन्स टॅक्स कायद्यातल्या संबंधित कलमाचा स्पष्ट उल्लेख असला की जमीन बाबांनीच थेट ताईला दिली असं धरतात. तो उल्लेख त्याच कागदात लागतो, मागाहून जोडता येत नाही. चैत्र म्हणजे फार लांब नाही हं.

अण्णा (कोल्हापूर, राजारामपुरीहून):
मी ब्रिटनहून कायमचा परत आलोय त्यामुळं मला आता तिकडचा टॅक्स नाही हे एक बरं झालं. निखिल, दस्तलेखकाच्या नादाला लागू नकोस, तो जुनाच मसुदा नाव बदलून देतो. आमच्या हक्कसोडपत्रात गट नंबर दुसऱ्याच गल्लीतल्या माणसाचा होता, चूकदुरुस्तीला वर्ष गेलं.

वैशाली:
अण्णा, तुम्ही एप्रिल 2025 नंतर गेला असाल आणि वीस वर्षं इथं राहिला असाल तर पुढची दहा वर्षं इथला टॅक्स पाठ सोडत नाही. तुमच्याबाबतीत करार उपयोगी पडू शकतो, पण कराराचा अपवाद असा की मालमत्ता इथल्या कायद्यानुसार केलेल्या मृत्युपत्रातून जायला नको. भारतातल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र करा. आणि इथं जो फ्लॅट ठेवलाय त्याला टॅक्स आहेच.

अण्णा:
भलतंच की हो. मग परवा मुलाला फोन करतो.

प्रशांत (सेक्रेटरी):
सगळ्यांना विनंती, मंडळाच्या यादीवर कुठल्या फर्मची शिफारस करू नये, मागच्या वेळी काय झालं सगळ्यांना माहितीय. मेळाव्यात ‘विल करून देतो’ म्हणून ज्यांनी टेबल मांडलं होतं ते सॉलिसिटर नव्हते, इन्शुरन्सही विकत होते. आम्हाला स्पॉन्सर हवा होता हे खरं. पण सभासदांनी विचारूनच जावं.

मीनल:
प्रशांतदादा, तेव्हा मी कमिटीत असते तर टेबलच लागलं नसतं. इथं मृत्युपत्र लिहायला कुणालाही परवाना लागत नाही, ते सुद्धा सभासदांना माहीत नसतं. निखिल, स्टेप या (ट्रस्ट-इस्टेटचं काम करणाऱ्यांच्या) संस्थेचा सभासद असलेला सॉलिसिटर बघ आणि भारताच्या केसेस केल्यात का असं आधीच विचार.

निखिल:
वैशालीताई, मसुद्यात ‘कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे’ असं आहे. पण ताई म्हणते थोडे पैसे तरी घे, नाहीतर मला बरं वाटत नाही. घेतले तर?

वैशाली:
घेऊ नकोस. मोबदला आला की ते व्हेरिएशन राहतच नाही, विक्री होते, वर इथला कॅपिटल गेन्सचा (विक्रीतल्या नफ्यावरच्या टॅक्सचा) प्रश्न वेगळा. तिला सांग, गणपतीला ये म्हणावं, तेवढं पुरे.

सुहास:
करारात गिफ्टचंही आहे असं माझं मत आहे.

वैशाली:
काका, करार मृत्यूवरच्या करासाठी आहे. हयातीत दिलेल्या गिफ्टचं त्यात बसवायचं तर सॉलिसिटरकडूनच लेखी घ्या.

निखिल:
वकिलांशी बोललो. ते म्हणतात इंग्लंडच्या कायद्याचा उल्लेख दस्तात घातला तर नोंदणीला अडचण येईल, त्यापेक्षा साधं करू. मुखत्यारपत्र आधी पाठवा म्हणतात.

मीनल:
मुखत्यारपत्राला हाय कमिशनमध्ये अपॉइंटमेंट आधी बघ. आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागतो, कुरियर मारून निवांत बसू नकोस.

अण्णा:
मी उद्या त्या वकिलांकडं जातो. माझ्या ओळखीचे आहेत, एक परिच्छेद घालायला काय जड जातं बघतो. मराठीत लिहिला तर चालेल का?

वैशाली:
ते मी सांगणार नाही, सॉलिसिटर सांगेल. निखिल, आजच मीनल म्हणते तसा सॉलिसिटर गाठ आणि मसुदा त्याला ईमेल कर. आणि अण्णा, त्याचं उत्तर येईपर्यंत नोंदणीला टोकन घ्यायचं नाही हे वकिलांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील.