मदत हवी आहे : दक्षिण अमेरिकेच्या उठाव नकाशाचं उभं प्रमाण

दहावीच्या मुलांसाठी दक्षिण अमेरिकेचा उठाव नकाशा करतेय. आडवं प्रमाण 1 सेमीला 100 किमी, उभं 1 सेमीला 1 किमी. अँडीज सुरेख उठतो, 6,961 मीटरचं अकोन्काग्वा सात सेमी. पण ब्राझीलचा अजस्र कडा, जो मुलांना बोटाने जाणवायलाच हवा, साओ पावलोजवळ सुमारे 800 मीटरचा, म्हणजे जेमतेम 8 मिमी. पुठ्ठ्याच्या थरांवर कागदाचा लगदा चढला की तो बुजतो. उभं प्रमाण दुप्पट करून पाहिलं, तर अँडीजची नुसती भिंत दिसते. थर्माकोल वापरायचा नाही, फळी मोठी करता येत नाही. पहिल्या 1,000 मीटरपुरतं वेगळं उभं प्रमाण घेऊन तसं सूचीत लिहिलं, तर शास्त्रीयदृष्ट्या चालेल का?