पाठीला चादर? हाताने शिवणार असाल तर नको

गोधडीच्या पाठीला, म्हणजे मागच्या थराला, घट्ट विणीची नवी चादर लावावी का, असा मूळ प्रश्न आहे. मशीनवर टीप मारणार असाल तर खुशाल लावा. हाताने धावदोरा घालणार असाल तर नको. मी एकदा हा उद्योग केलाय. सुई वरच्या दोन थरांतून सुळकन जायची आणि चादरीपाशी अडायची. अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी) घालूनही बोट दोन दिवस ठणकत होतं. त्यापेक्षा मध्यम विणीचं मऊ सुती घ्या. वापरून मऊ पडलेलंही चालेल, फक्त उजेडासमोर धरून बघा, विरलेलं असेल तर बाजूला ठेवा.

पाठीला एकरंगी कापडही काही जण सुचवतात. छान दिसतं, पण त्यावर प्रत्येक वाकडा टाका चुगली करतो. माझ्यासारख्यांनी बारीक छापाचंच घ्यावं! पुढचा भाग पांढरट असेल तर पाठ गडद नको, मधल्या पातळ भरणातून रंग डोकावतो.

कापड आधी धुऊन घ्या, आटायचं ते तेव्हाच आटू दे. चारही बाजूंनी 3-4 इंच जास्त ठेवा, शिवताना थर सरकतात.

कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी पडला तर जोड द्यावा लागेल. त्याआधी कापडाच्या कडेची विणलेली किनार कापून टाका. तिची वीण घट्ट असते, धुतल्यावर नेमकी तिथेच चुणी पडते. आणि जोड मधोमध नको, घडीही तिथेच येते. थोडा बाजूला घ्या.