जुळ्या इंजिनांची कॅटमरान : पैसा आधी पंख्यांत घालावा की अश्वशक्तीत?

सुकाणू (मूळ लेखन)

मिझुरीतील लेक ऑफ द ओझार्क्स या जलाशयावर १९८८ पासून दर उन्हाळ्यात वेगाच्या चाचण्या भरतात. २०१४ साली तेथे टर्बाइन इंजिनांच्या ‘स्पिरिट ऑफ कतार’ या कॅटमरानने (दोन समांतर तळांच्या बोटीने) ताशी २४४ मैलांची नोंद केली आणि तो आकडा त्या परिसरातल्या प्रत्येक बोटमालकाच्या डोक्यात जाऊन बसला. तिथे राहणारे माझे एक स्नेही त्याला अपवाद नाहीत. त्यांची बोट त्या मानाने साधी आहे : ३२ फुटी कॅटमरान, मागे मर्क्युरी रेसिंगची दोन ४५०आर आउटबोर्ड इंजिने आणि चार पात्यांचे, ३२ इंच पिचचे पंखे (प्रोपेलर). पिच म्हणजे न घसरता पंखा एका फेरीत जितका पुढे जाईल ते अंतर. पूर्ण थ्रॉटलला इंजिने मिनिटाला ६३०० फेऱ्यांवर जातात आणि जीपीएस ताशी १०६ मैल दाखवतो. आता त्यांना तीन गोष्टी करायच्या आहेत. इंजिनांचे संगणकीय ट्यूनिंग बदलून शक्ती वाढवायची, अधिक पिचचे पंखे घ्यायचे, आणि बाहेरच्या दिशेने फिरणारे पंखे आतल्या दिशेने फिरतील अशी मांडणी करायची. माझे मत या तिन्ही गोष्टींच्या विरुद्ध आहे, आणि ते का, हे सविस्तर मांडतो.

आधी हिशेब. इंजिनाच्या फेऱ्यांना इंचांतील पिचने गुणायचे आणि गिअरचे गुणोत्तर गुणिले १०५६ या संख्येने भागायचे, की पाणी घट्ट असते तर बोट ताशी किती मैल गेली असती ते कळते. ४५०आरचे गुणोत्तर १.६० आहे. ६३०० फेऱ्या आणि ३२ पिच धरल्यास उत्तर सुमारे ११९ मैल येते. प्रत्यक्षात १०६ मिळतात, म्हणजे स्लिप (पंखा पाण्यात घसरल्याने येणारी वेगाची तूट) ११ टक्के. या जातीच्या बोटीला हा आकडा मुळीच वाईट नाही. आता पिच ३४ केली तर काय होईल? पिचचा एक इंच वाढला की साधारण १५० ते २०० फेऱ्या कमी होतात. दोन इंचांमागे ३५० फेऱ्या गेल्या असे धरा. ५९५० फेऱ्यांवर ३४ पिचचे गणित पुन्हा जवळपास १२० मैलांवरच येऊन थांबते. खिसा तेवढा हलका होतो, आणि इंजिन त्याच्या ५८०० ते ६४०० या पट्ट्याच्या तळाशी, जास्त भाराखाली रखडू लागते.

वेग अडला आहे तो पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या गिअरकेसपाशी, म्हणजे इंजिनाच्या खालच्या, पंखा बसवलेल्या भागापाशी. पंख्याचा दांडा स्पॉन्सनच्या (कॅटमरानच्या दोन बाजूंच्या अंगांच्या) तळाच्या तुलनेत किती खाली किंवा वर आहे, या मापाकडे माझ्या स्नेह्यांनी बोट घेतल्यापासून लक्षच दिलेले नाही. जॅक प्लेटने (इंजिन वर-खाली करणाऱ्या आधाराने) इंजिने पाव पाव इंच वर घ्यावीत, प्रत्येक टप्प्यावर फेऱ्या, वेग आणि शीतकरणाच्या पाण्याचा दाब लिहून ठेवावा, आणि दाब पडू लागला किंवा स्लिप अचानक उसळली की एक टप्पा खाली यावे. स्पोर्ट मास्टर गिअरकेसचे पाणी घेण्याचे छिद्र नाकाशी, खालच्या बाजूला असते ते याचसाठी. उंची वाढल्यावर चार पात्यांची पकड सुटू लागली तर पाच पात्यांचा विचार करावा, कारण अर्धे पाणी आणि अर्धी हवा अशा अवस्थेत फिरताना एकाच वेळी पाण्यात जास्त पाती असणे हिताचे ठरते.

फिरण्याच्या दिशेबद्दल थोडक्यात सांगतो. मागून पाहताना उजवा पंखा घड्याळाच्या दिशेने आणि डावा उलट, ही बाहेर फिरण्याची रूढ मांडणी धक्क्याला बोट लावताना चालकाच्या बाजूने काम करते. ती मोडण्याचे कारण मला दिसत नाही.

फुल्लथ्रॉटल

आपले पिचचे गणित बिनचूक आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पिच वाढवून वेग वाढत नाही याचे कारण शक्ती तेवढीच राहते, हे आपणच सिद्ध केले आहे. मग शक्ती वाढवण्याला विरोध कसला?

घर्षणाच्या ढोबळ नियमाने शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते, म्हणजे १० टक्के शक्ती वाढवली तर वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वेगाने वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत जाणाऱ्या बोटीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. बोट जितकी वेगाने जाते तितकी ती वर उचलली जाते आणि तिचा ओला पृष्ठभाग कमी होतो. म्हणूनच वेगवान बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या क्राउचच्या सूत्रात वेग हा शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरतात. त्या हिशेबाने १० टक्के शक्तीमागे वेग जवळपास ५ टक्के वाढतो. १०६ चे १११ होतात. इंजिने पाव पाव इंच वर नेऊन एवढे मिळेल का? बरे, शक्ती नंतर वाढवायची ठरलीच तर आज निवडलेले पंखे उद्या अडगळीत जातील, आणि या दर्जाच्या पंख्यांची जोडी काही बाजारात भाजी घ्यावी तशी घेता येत नाही. शक्ती आधी ठरवा आणि पंखे तिच्या मापाने घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुकाणू

क्राउचचे सूत्र मलाही ठाऊक आहे. त्यातला स्थिरांक बोटीच्या जातीनुसार बदलतो, आणि गिअरकेस किती खोल आहे, पंखा किती कार्यक्षम आहे हे सगळे त्या एका स्थिरांकाच्या पोटात लपलेले असते. मांडणी सुधारणे म्हणजे तो स्थिरांकच सुधारणे. ते केल्यानंतर वाढवलेल्या प्रत्येक अश्वशक्तीचे मोल वाढते. आधी शक्ती वाढवली तर तिचा काही भाग चुकीच्या उंचीवरच्या गिअरकेसला पाण्यातून ओढण्यात जातो.

दुसरे असे की ४५०आरचे ४.६ लिटरचे व्ही-आठ इंजिन मुळातच दाबाने हवा भरणाऱ्या सुपरचार्जरवर चालते. त्याचा दाब वाढवून काढलेली शक्ती गिअरच्या दातांवरच येते, आणि कारखान्याची हमी पहिल्याच दिवशी सोडून द्यावी लागते. पंखा नापसंत ठरला तर तो निदान विकता येतो.

गिअरकेस

उंचीबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, मात्र फिरण्याच्या दिशेला त्यांनी दोन वाक्यांत वाटेला लावले, ते पटले नाही. अनेक वेगवान कॅटमरान आत फिरणाऱ्या पंख्यांवर चालतात आणि त्यांचे चालक धक्क्याला बोट लावतच असतात.

पृष्ठभागाजवळ फिरणाऱ्या पंख्याचे खालचे पाते जास्त काम करते, त्यामुळे प्रत्येक पंखा बोटीच्या मागच्या भागाला एका बाजूस ढकलतो. पंखे बाहेर फिरत असतील तर दोन्ही गिअरकेस एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात. आत फिरत असतील तर एकमेकांकडे येऊ पाहतात. बोटीपुरते हे जोर एकमेकांना रद्द करतात, पण दोन्ही इंजिने जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे टाय बारवर, ते सतत असतात, आणि तिथे किंचित ढिलाई असली की थांबलेल्या बोटीवर मोजलेले गिअरकेसमधले अंतर शंभर मैलांवर तसे राहत नाही. एकमेकांशी समांतर नसलेल्या दोन गिअरकेस घेऊन जो वेग मोजला जातो, त्यावरून पंख्याची पारख कशी करणार? शिवाय बाहेर फिरणाऱ्या पंख्याची पाती दोघांच्या मधल्या बाजूने पाण्यातून वर येतात, तर आत फिरणाऱ्याची बाहेरच्या बाजूने. मधल्या पाण्याची ढवळण बदलते, मागच्या भागाला मिळणारी उचल बदलते आणि बोटीचे नाक कोणत्या कोनात स्थिरावते तेही बदलते. कोणत्या तळाला काय मानवेल हे कागदावर ठरत नाही, म्हणून करून पाहणे हाच मार्ग उरतो. आपल्या स्नेह्यांनी ती चाचणी जरूर करावी.

खाडीवाला

मी मुंबईत राहतो. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या, त्या कठड्यावर उभे राहून पाहिल्या. तिथे सगळ्या बोटी एकाच नमुन्याच्या होत्या आणि तरीही कोणी पुढे गेले, कोणी मागे पडले. हा फरक हातांचा होता. पंख्यांवर इतका खल करणाऱ्यांनी चालकावर चार ओळी लिहू नयेत, याचे नवल वाटले.

माझा आक्षेप मात्र त्याहून मूलभूत आहे. कॅटमरानच्या दोन स्पॉन्सनमधला बोगदा हवा कोंडून बोट उचलतो, आणि ही उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १०६ चे ११६ झाले तर वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढला असे वाटते; प्रत्यक्षात उचल सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते. नाक थोडे अधिक वर गेले की ती आणखी वाढते, तिचे केंद्र गुरुत्वमध्याच्या पुढे सरकते आणि बोट मागच्या बाजूला उलटते. बोट वेगळ्या घडणीची होती, तरी ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ब्लूबर्ड के७ ताशी ३०० मैलांच्या आसपास अशीच नाक वर करून उलटली आणि त्यात त्यांचा अंत झाला. पंखे, उंची, ट्यूनिंग यांतले काहीही करा, नव्या वेगाला बोटीचा तोल टिकतो का, हे कोण तपासणार? इंधनाची टाकी भरलेली असताना आणि पाव उरलेली असताना ट्रिम (इंजिनांचा कोन) एकच ठेवून चालते का? अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील बोटींना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडणे सक्तीचे आहे. ही बोट ३२ फुटी असल्यामुळे त्यातून सुटते. स्नेह्यांनी सक्ती नसतानाही ती लावावी.

सुकाणू

पी-वनच्या त्या बोटी व्ही तळाच्या होत्या, त्यामुळे त्यांवरून बोगद्याच्या बोटीबद्दल अनुमान काढता येणार नाही. उचलीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि तो माझ्याच बाजूने जातो असे मी म्हणेन. नाक वर धरून ठेवणारा पंखा जड व्ही बोटीला उपयोगी पडतो. बोगद्याच्या बोटीला हवाच नाक उचलून देते, तेव्हा तिला मागचा भाग उचलणारा, कमी रेकचा (पाती मागे कमी कललेला) पंखा अधिक सुरक्षित ठरू शकतो. ही निवड पंख्यातून होते. इंजिनाच्या संगणकात नवे ट्यूनिंग भरून होत नाही.

गिअरकेस यांना एवढेच सांगतो की टाय बारची ढिलाई दोन्ही मांडण्यांत घातक आहे, ती काढण्यासाठी दिशा बदलावी लागत नाही. धक्क्याचे म्हणाल तर पंखे बाहेर फिरत असताना एक इंजिन पुढे आणि एक मागे टाकले की दोन्ही पंख्यांचा बाजूचा रेटा बोट वळवायला मदत करतो, आत फिरताना तो विरोध करतो. दोन्ही इंजिने जवळजवळ लावलेल्या बोटीत ही मदत क्षुल्लक नसते. शनिवारी दुपारी त्या जलाशयावरच्या धक्क्यांवर किती गर्दी असते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

फुल्लथ्रॉटल

संपूर्ण चर्चा ११ टक्के स्लिपभोवती फिरते आहे, म्हणून एक शंका. पंख्यावर कोरलेली ३२ पिच ही खरी पिच आहे हे कोणी तपासले? पात्याच्या कडेला दिलेल्या वळणाने, म्हणजे कपिंगने, परिणामी पिच वाढते, आणि हाताने घासून तयार केलेल्या दोन पंख्यांत फरक राहतोच. खरी पिच ३३ असेल तर आपली स्लिप ११ नव्हे, १४ टक्क्यांच्या घरात जाते आणि बोटीचे सगळे निदान बदलते. दोन्ही इंजिने एकाच थ्रॉटलला सारख्या फेऱ्या देतात का? फरक असेल तर दोष इंजिनात की पंख्यात, हे या बोटीत पंखे अदलाबदल करून शोधताही येणार नाही, कारण एक उजवा आणि एक डावा आहे. शक्ती वाढवण्याबद्दलचे माझे मत कायम आहे, पण हे मोजमाप त्याच्याही आधी व्हायला हवे, एवढे मी मान्य करतो.

गिअरकेस

पंखे मोजून देणाऱ्या कार्यशाळेत ते पाठवायचेच असतील तर सोबत पात्यांची जाडी आणि व्यासही तपासून घ्यावा. तोवर टाय बारची ढिलाई काढावी, गिअरकेसमधले अंतर पुढे आणि मागे मोजावे, आणि मगच जॅक प्लेटला हात लावावा. आत फिरवण्याची चाचणी शेवटी ठेवा, कारण त्यासाठी इंजिने डावी-उजवी बदलून बसवावी लागतील. दर नगाला ३१३ किलो वजन आहे आणि क्रेन फुकट येत नाही. पण ती करा. धक्क्यावरची सोय हे कारण मला शंभर मैलांच्या बोटीसाठी अजूनही पुरेसे वाटत नाही.