ऑफिसचा व्हीपीएन घरच्या वायफायवर अडतो: राऊटरचा पासवर्ड ग्राहकाला मिळायला हवा की नको?

पाथर्डी फाटा:
ऑफिस पुण्यात, मी नाशिकला घरून काम करते. गेल्या सोमवारी नेट कनेक्शन बदललं आणि तेव्हापासून डोक्याला ताप. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा) जोडला जातो, हिरवी खूण येते, हजेरीचं पानही उघडतं. फक्त फाइल सर्व्हर उघडत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की लगेच उघडतो. लाइनमनदादा आले, यूट्यूब लावून दाखवलं, म्हणाले, "ताई, नेट तर पळतंय." राऊटरचा ॲडमिन पासवर्ड मागितला, तर "तो देत नाही आम्ही." माझं म्हणणं सरळ आहे: दर महिन्याला पैसे मी भरते, डबा माझ्या टीव्हीखाली आहे, मग त्याचा पासवर्ड मला का नाही?

सातपूरकर:
ताई, मी याच धंद्यात आहे, म्हणून विरोधात लिहितो. पासवर्ड हातात आला की लोक कुठलाही व्हिडिओ बघून सेटिंग बदलतात, नाहीतर मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट मारतात. पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायचं) युजरनेम गेलं, लाइनचा व्हीलॅन नंबर गेला. पॉनचा, म्हणजे फायबरचा, दिवा हिरवा, इंटरनेटचा विझलेला. मग भर पावसात आमचा पोरगा अंबडहून मखमलाबादला पळतो. आम्ही पासवर्ड दडवत नाही, लाइन सांभाळतो.

पंचवटी:
एवढी चर्चा कशाला? ५०० आणि ४५०० हे व्हीपीएनचे पोर्ट राऊटरवर फॉरवर्ड करा, लॅपटॉप डीएमझेडमध्ये (राऊटरच्या पहाऱ्याबाहेर) टाका, विषय संपला.

गंगापूर रोड:
पंचवटी, कृपा करून हा सल्ला देऊ नका. पोर्ट फॉरवर्ड बाहेरून आत येणाऱ्यासाठी लागतो. ताईंचा लॅपटॉप आतून बाहेर जातोय, त्याला तो लागतच नाही. डीएमझेडने मात्र लॅपटॉप थेट इंटरनेटसमोर उघडा पडतो, आणि तोही ऑफिसचा.

ताई, राऊटर काही अडवत नसावा असं मला वाटतं. हजेरीचं पान उघडतं म्हणजे बोगदा चालू आहे. व्हीपीएन बंद करून काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा आणि लॅपटॉपचा घरच्या नेटवर्कवरचा आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि फाइल सर्व्हरचाही तसाच असेल, तर लॅपटॉपला वाटतं सर्व्हर घरातच आहे. तो त्याला टीव्ही-प्रिंटरच्या रांगेत शोधत बसतो, बोगद्यात पाठवतच नाही. हॉटस्पॉटचे आकडे वेगळे असतात, म्हणून तिथे चालतं.

इंदिरानगर:
पण राऊटर कधीच अडवत नाही असंही नाही. आमच्याकडे नवरा-बायको एकाच कंपनीत. ह्यांचा व्हीपीएन लागला की माझा तुटायचा, माझा लागला की ह्यांचा. आयपीसेक या प्रकारच्या व्हीपीएनचा मूळ डेटा ज्या ईएसपी प्रोटोकॉलमधून जातो, त्याला पोर्ट नंबरच नसतो, त्यामुळे परत आलेलं पाकीट कुणाचं हे राऊटरला कळत नाही. तेच यूडीपीच्या ४५०० पोर्टमध्ये गुंडाळलं की कळतं. आमच्या राऊटरमधलं आयपीसेक पासथ्रू (ईएसपी न गुंडाळता जाऊ देणारी सोय) बंद केलं आणि त्या दिवसापासून दोघांचंही चालतंय. काढायची होती एकच खूण, पण ती ॲडमिनच्या बंद पानात! दोन महिने आम्ही आळीपाळीने काम केलं. म्हणून मी ताईंच्या बाजूने.

(लहान पानं उघडतात आणि मोठी फाइल लटकते, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. पीपीपीओई १५०० बाइटांमधले ८ खातं, उरतात १४९२, आणि त्यात व्हीपीएनचं वेष्टणही बसवायचं असतं.)

पाथर्डी फाटा:
गंगापूर रोड, अगदी तेच निघालं! लॅपटॉप १९२.१६८.१.५, सर्व्हर १९२.१६८.१.२०. फोनवर भांडून लाइनमनदादांना परत बोलावलं. त्यांनी लॅनचा, म्हणजे घरच्या नेटवर्कचा, पत्ता १९२.१६८.७७.१ केला, राऊटर चालू-बंद केला, सर्व्हर उघडला. काम दोन मिनिटांचं, त्यासाठी माझे सहा दिवस गेले. प्रिंटरला आधीचा पत्ता हाताने दिलेला होता, तो हरवला, पुन्हा जोडला.

सातपूरकर:
चालू झालं ना, बरं झालं. एक गोष्ट मानतो. बऱ्याच राऊटरमध्ये दोन लॉगिन असतात. साध्या युजरच्या लॉगिनने वायफाय आणि लॅन बदलता येतं, लाइनच्या सेटिंगला हात लागत नाही. ते द्यायला माझी हरकत नाही. ॲडमिनचं मात्र नाही.

इंदिरानगर:
आमच्या राऊटरवर पासथ्रूचं पान ॲडमिनमध्येच होतं, दादा. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

सातपूरकर:
फोन करायचा. आम्ही ऑफिसात बसून तिथूनच बदलून देतो, घरी यावंही लागत नाही.

पाथर्डी फाटा:
दादा, फोन मी तीनदा केला होता. तिन्ही वेळा "राऊटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळालं. आणि ते साधं लॉगिन असतं हे बसवताना कुणी सांगितलंही नाही. आत्ता राऊटर उलटा करून बघितला. युजरनेम-पासवर्डचं स्टिकर होतं तिथे नखाने खरवडल्याच्या खुणा आहेत, खाली नुसता सिरीयल नंबर उरलाय.