घरगुती कोल्ड एअर इनटेक: फायदा खरा की नुसता आवाज?

गिरणाकाठ
गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून एअर फिल्टरचा मूळ डबा काढला. 75 मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, शंकूच्या आकाराचा कापडी फिल्टर आणि चार क्लिपा, एवढ्यात घरीच इनटेक बनवला. खर्च पंधराशेच्या आत. पाइप काय, आपल्या जळगावात बांधावर पडलेला असतो. तिसऱ्या गिअरला पिकअप जाणवतो. थंड हवा दाट, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, इतकं साधं आहे. गॅरेजवाले उगाच नाकं मुरडतात. ज्याला हॅक्सॉ धरता येते त्यानं करून बघावं.

भुसावळी_चटका
थंड हवा? मे महिन्यात? आपल्याकडे? 😄
मीही हेच केलं होतं भो. बॉनेटच्या आत उघडा फिल्टर लावला आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) जोडून बघितलं. अजिंठा चौफुलीला सिग्नलवर आत जाणारी हवा 68 अंश. मूळ डबा परत बसवल्यावर त्याच जागी, त्याच वेळेला 52. केल्विनमध्ये हिशेब कर, 341 आणि 325. म्हणजे घरच्या जुगाडात हवा जवळपास पाच टक्के पातळ. बहुतेक गाड्यांत कंपनीच्या डब्याची नळी ग्रिलमागे नाहीतर हेडलाइटशेजारी उघडते. कोल्ड एअर इनटेक गाडीत आधीच होता, तू तो काढून माळ्यावर टाकलास.

गिरणाकाठ
माझा फिल्टर हेडलाइटच्या मागेच आहे, मध्ये अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा ठोकलाय. वरणगावकडे हायवेला पळताना 47-48 च्या वर जात नाही. गाडी सिग्नलवर उभी राहायला घेतली आहे का?

भुसावळी_चटका
पळताना मूळ डबाही तेवढंच दाखवतो. मग मिळवलं काय?

केळीवाला_रावेर
तुमचं तापमान राहू द्या, धुळीचं बोला. आमच्या शिवारात केळीची गाडी पुढे असली की मागच्याला रस्ता दिसत नाही, काळ्या मातीचं पीठ उडतं. कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, तशीच बारीक धूळही सोडतो. थ्रॉटलकडची क्लिप सैल करा, पाइप बाजूला घ्या आणि पांढरा रुमाल आतून फिरवा. माझ्या रुमालावर चहाच्या गाळासारखा थर आला. दोन बोटांत चोळला तर करकर लागली. तीच करकर पिस्टनच्या रिंगांना लागते. शिवाय त्या फिल्टरला धूळ धरायला तेल लावतात, ते जास्त झालं तर एअर मासच्या, म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. सेन्सर चुकीची हवा मोजतो आणि पेट्रोलचं गणित बिघडतं.

एरंडोल_एक्स्प्रेस
काय लावलंय राव! पोरानं रविवारी हात काळे केले, गाडी जरा घुमते, त्याला बरं वाटतं. पाच हजाराचा म्युझिक सिस्टिम लावला असता तर कोणी हिशेब मागितला नसता. इंजिन तुनं शे, पैसा तुना शे.
(माझी टर्बो डिझेल आहे. तिला करू का?)

धुळ्याचा_पाना
डिझेलला नको. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापतेच आणि इंटरकूलर ती गार करतो. तुमचा पाइप त्याच्या आधी, मग त्यातल्या थंड हवेचा फारसा फायदा उरत नाही.
आता गिरणाकाठ दादा, पंधरा वर्षं गॅरेज आहे म्हणून सांगतो. पीव्हीसी 75-80 अंशाला मऊ पडतो, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून नेला असेल तर क्लिपेखाली चेपतो. हॅक्सॉने कापल्यावर कडेला पांढरे कुरकुरे राहतात, ते घासून, धुऊन काढले का? नसतील तर इंजिनाने खाल्ले. आणि कोणाचं ऐकून फिल्टर खाली बंपरमध्ये नेऊ नका. गेल्या पावसाळ्यात एक गाडी टो करून आली. रेल्वेच्या बोगद्यात गुडघाभर पाणी, फिल्टर बुडालेला. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड केळीसारखा वाकला होता.

गिरणाकाठ
कडा घासल्या होत्या, धुतल्या नव्हत्या. आत्ताच खाली जाऊन रुमाल फिरवला. केळीवाले काका, करकर आहे. कापडी फिल्टर काढतो, कागदी बसेल असा डबा शोधतो. पाइप मात्र राहणार.

धुळ्याचा_पाना
ठीक. टॅपेट कव्हरवरून एक बारीक रबरी नळी मूळ डब्याला यायची, ब्रीदरची, इंजिनातली तेलकट वाफ परत आत ओढून घेणारी. ती कुठे जोडलीत?

गिरणाकाठ
कोणती नळी?