रिच चालणाऱ्या गाडीला मोकळा एअर फिल्टर: उपाय की पळवाट?

सातारकर

घरची 350 सीसीची चार-स्ट्रोक गाडी, 2014 सालची, व्हॅक्यूमवर स्लाइड (हवेच्या वाटेतला सरकता दट्ट्या) उचलणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरची, गेल्या पावसाळ्यापासून रिच चालते आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. प्लगवर कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी धरते. सिग्नलला उभे राहिले की सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, इंजिन तापल्यावर स्लो (उभ्या गाडीची संथ रेस) टिकत नाही आणि पस्तीसचे अॅव्हरेज सव्वीसवर आले आहे. दोन गॅरेजांत सारखाच सल्ला मिळाला, की मूळचा कागदी फिल्टर काढून धुता येणारा कापडी फ्री-फ्लो फिल्टर बसवा, हवा वाढेल आणि मिश्रण आपोआप लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे होईल.

हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, हे खरे आणि हवा वाढली की गुणोत्तर बदलते, हेही खरे. पण स्लोवर इंजिन ओढते ती हवा इतकी थोडी असते, की तेथे खरा अडथळा जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलच्या पाकळीचा असतो; फिल्टर कागदाचा आहे की कापडाचा, याने स्लोच्या मिश्रणात जाणवण्याइतका फरक पडत नाही. फिल्टरचा परिणाम दिसू लागतो तो रेस वाढवल्यावर, मुख्यतः मेन जेटच्या (मोठ्या रेसला पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या) टप्प्यात. म्हणजे जेथे गाडी बिघडली आहे तेथे नवा फिल्टर काहीच करणार नाही आणि जेथे ती कदाचित ठीक आहे तेथे तिला लीन करून ठेवील. शिवाय सीव्ही कार्बोरेटरमध्ये स्लाइड किती उचलायची हे दाबाच्या फरकावर ठरते; फिल्टरची पेटीच काढून उघडा फिल्टर लावणारे लोक तो फरक विस्कटून टाकतात आणि मग मधल्या रेसला गाडी का अडखळते, असे विचारत फिरतात. जास्तीचे पेट्रोल कोठून येते हे आधी शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

घाटमाथा

आपले स्लोचे गणित पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही. रिच गाडीचे सर्वांत साधे कारण तुंबलेला फिल्टर हेच असते आणि ते आपण एका वाक्यातही विचारात घेतलेले नाही. फलटण-बारामती पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्याने गाडी चालवून पाहा. कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी कागदी फिल्टर मातीने गच्च होतो. तो झटकून पुन्हा बसवला जातो, कारण दरवेळी नवा घेणे प्रत्येकाला परवडत नाही. धुता येणारा फिल्टर अशा माणसाला खरोखरच उपयोगाचा आहे.

दुसरे असे, की लेहला जाणारे कित्येक जण खारदुंग ला ही खिंड चढताना फिल्टर काढूनच ठेवतात. तेथे उंची 5,359 मीटर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी. कार्बोरेटरची गाडी काळा धूर टाकते, दम सोडते आणि फिल्टर काढला की पुन्हा चढू लागते. हवा मोकळी केल्याने रिचपणा कमी होतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

जेट-नीडल

कार्बोरेटर उघडणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घाटमाथा यांचे एवढे बरोबर आहे, की फिल्टर आधी पाहावा, कारण त्याला पाच मिनिटे लागतात. तो बाहेर काढा, पेटीच्या तोंडाशी उंदराने चिंध्या कोंबलेल्या नाहीत ना ते पाहा आणि फिल्टरशिवाय गाडी जागेवर थोडा वेळ चालवून बघा. धूर आणि अडखळणे गेले तर फिल्टर तुंबला होता. नवा आणा, विषय संपला. काहीच फरक पडला नाही तर बिघाड पेट्रोलच्या बाजूला आहे आणि बाजारातला कोणताही फिल्टर तो दुरुस्त करणार नाही. सातारकरांनी सांगितलेल्या लक्षणांवरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

मग फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती वर धरली की आतल्या पेट्रोलची पातळी बाहेर दिसते. ती पुस्तिकेत दिल्यापेक्षा वर असेल तर गाडी स्लोपासून टॉपपर्यंत सगळीकडे रिच चालणार. फ्लोटने वर ढकलली की पेट्रोल रोखणारी फ्लोट निडल काढून तिचे रबरी टोक उजेडात फिरवून पाहा. सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेवर, टेकून टेकून त्यावर केसाएवढी बारीक गोल खाच पडलेली असते. डोळ्यांना दिसली नाही तरी नखाला लागते. अशी निडल पेट्रोल पूर्ण रोखत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि रात्रभर पेट्रोल झिरपले तर ते इंजिनात उतरून ऑइल पातळ करते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

त्यानंतर चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतो का ते बघा. शेवटी स्लाइडमधली जेट निडल, म्हणजे स्लाइडबरोबर वर-खाली होऊन पेट्रोलची वाट कमीजास्त करणारी सुई. ती एका बाजूने चकाकत असेल तर तिने पितळी नीडल जेटचे भोक लांबट केलेले असते आणि अशा वेळी दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट सापडते. पूर्वी कोणीतरी पिकअप वाढावा म्हणून त्या निडलखाली छोटा वॉशर घातलेला असतो. निडल तेवढी वर राहते, मधल्या रेसला पेट्रोल जास्त जाते आणि नव्या मालकाला याचा पत्ताच नसतो.

स्क्रूला हात लावायचा तो यानंतर. इंजिनच्या बाजूचा स्क्रू मिश्रणाचा असतो, तो आत घेतला की गाडी लीन होते; फिल्टरच्या बाजूचा असेल तर तो हवेचा, तो बाहेर काढला की लीन होते. हे उलटे करून गाडी आणखी बिघडवलेली मी अनेकदा पाहिली आहे.

पीयूसी

मापाशिवाय ही चर्चा अंदाजावरच राहील. सातारकर, आपल्या पीयूसीच्या कागदावर स्लोवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा छापलेला असतो. 2014 च्या दुचाकीला मर्यादा 3.5 टक्के आहे. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तो आकडा ताडून पाहिला तर स्लोचे मिश्रण किती सुधारले हे कोणाच्या मतावर सोडावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट येथे कोणी मांडलेली नाही. 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचे गुणोत्तर साधारण 9 आहे, त्यामुळे मिश्र इंधनाचे साडेतेराच्या आसपास येते. जेट तीच ठेवली तर जुन्या कार्बोरेटरची गाडी या पेट्रोलवर आधीपेक्षा लीनच चालायला हवी. तरीही ती रिच चालते, याचा अर्थ पेट्रोल कोठूनतरी बऱ्यापैकी निसटते आहे. आता समजा, फ्री-फ्लो फिल्टर बसवला आणि पुढे कधीतरी फ्लोट निडलही बदलली. मग इथेनॉल आणि फिल्टर दोन्ही एकाच दिशेला ओढतील आणि भरधाव रेसवर इंजिन नको तितके तापेल.

घाटमाथा

पीयूसी यांचा इथेनॉलचा मुद्दा मला मान्य आहे. फिल्टर बदलायचा तर मेन जेटही तपासून एक पायरी मोठी घ्यावी लागेल, हेही मान्य. पण धुता येणारा फिल्टर म्हणजे पळवाट, हे मी मानणार नाही. धुळीच्या रस्त्यावरच्या माणसासमोर बहुतेक वेळा झटकून झटकून फाटलेला कागदी फिल्टर किंवा नीट धुऊन तेल दिलेला कापडी फिल्टर, एवढेच दोन पर्याय असतात. त्यांतला दुसरा इंजिनाला कमी घातक आहे.

सातारकर

खारदुंग लाचा दाखला मला उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. तेथला रिचपणा विरळ हवेमुळे आलेला असतो आणि गाडी खाली उतरली की तो आपोआप जातो. माझी गाडी साताऱ्यातच रिच आहे. शिवाय त्या रस्त्यांवर फिल्टर काढून चालवणारे जी बारीक धूळ इंजिनात घेतात, ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते, आणि तिची किंमत सपाटीवर आल्यानंतर ऑइल जळू लागल्यावर कळते. कापडी फिल्टरला तेल कमी पडले तरी हेच होते; तेल जास्त झाले तर तो स्वतःच हवा अडवतो. ते तेल नेमके किती द्यायचे, हे ज्याला कागदी फिल्टर वेळेवर बदलता येत नाही त्याला दर धुण्याला जमेल, यावर माझा विश्वास नाही.

तुंबलेल्या फिल्टरचा मुद्दा मी स्वीकारतो. येत्या रविवारी फिल्टर काढून जागेवर तपासणी करीन आणि फरक न पडल्यास फ्लोट निडल व सीट जोडीने बदलीन. ऑइलही तेव्हाच बदलेन. मूळ पेटी आणि कागदी फिल्टर मात्र राहतील.

जेट-नीडल

सीट बदलताना तिच्याखालची जुनी ओ-रिंग परत वापरू नका. नवी निडल बसवूनही पेट्रोल झिरपत राहते ते पुष्कळदा तिच्याच कडेने. आणि वाटी परत चढवल्यावर नळी लावून पातळी पुन्हा मोजायची तयारी ठेवा, कारण नव्या निडलची लांबी जुनीइतकीच असेल याची खात्री नसते.