मेरिडाचं धनुष्य गेलं कुठे?

रानजाई
शनिवारी लेकीला (वय वर्षं ९) 'ब्रेव्ह' दाखवला. पिक्सारचा अ‍ॅनिमेशनपट, २०१२चा. मी आधी पाहिला होता, तरी त्या एका प्रसंगाला पुन्हा अंगावर काटा आला. जुन्या काळचं स्कॉटलंड. तीन सरदारांची थोरली पोरं राजकन्या मेरिडाला जिंकायला आलेली. पैज तिरंदाजीची, आणि नियम असा की घराण्याचं पहिलं अपत्य असेल त्यानंच उतरायचं. तिघांचे बाण मारून होतात आणि चौथं कुणीतरी डोक्यावरची टोपडी मागे सारत मैदानात येतं. मेरिडाच! आमच्या घराण्यातलं पहिलं अपत्य मीच, तेव्हा माझ्यासाठी मीच लढणार! पण आईनं चढवलेला झगा इतका आवळ की धनुष्य ताणताच येईना. मग ती जोर लावते आणि झगा टर्रकन उसवतो. शेवटचा बाण आधीच्या पोराचा रुतलेला बाण उभा चिरत आरपार जातो. लेक सोफ्यावर उभी राहून ओरडत होती.

आता पुढचं ऐका. २०१३ साली पिक्सारच्या मालक कंपनीनं, डिस्नेनं, मेरिडाला आपल्या अधिकृत राजकन्यांच्या पंगतीत बसवलं, अकराव्या पाटावर. त्यासाठी नवं चित्र काढलं. कंबर बारीक, पिंजारलेले केस वळणात, झगा चमचमता आणि खांद्यांवरून उतरलेला. धनुष्य गायब! विरोधातल्या अर्जावर दोन लाखांच्या वर सह्या पडल्या. माझं म्हणणं एवढंच की सिनेमा पोचला होता म्हणूनच लोक चिडले. बाकी कुठल्या बाहुलीची कंबर कमी झाली म्हणून कोण सह्या करत बसतं?

कोपरखळी
ताई, सह्या मोजण्याआधी त्या का कराव्या लागल्या ते बघा. ज्यांनी सिनेमा काढला त्यांच्याच दुकानात तो पोचला नाही.

आणि पडद्यामागचं काय? ही कथा दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमनला सुचली ती स्वतःच्या मुलीवरून. २०१० साली तिला मधेच काढलं आणि सिनेमा मार्क अँड्र्यूजच्या हाती दिला. ऑस्कर दोघांच्या नावावर आहे, ते ठीक. पण पिक्सारचा पहिला सिनेमा 'टॉय स्टोरी' १९९५चा; मुलगी नायिका असलेला सिनेमा यायला पिक्सारला १७ वर्षं लागली, तेराव्या खेपेला. त्यातही जिची गोष्ट तिलाच घराबाहेर काढलं. बंड म्हणे!

दोन_मुलग्यांचा_बाबा
मला दुकान खटकत नाही, ती तीन स्थळं खटकतात. एक केस उडवणारा शिष्ट, एकाचं बोलणं कुणाला कळत नाही, तिसरा, डिंगवॉल, नुसता येडबंबू. राजा म्हणजे खाणं, मारामारी आणि अस्वलाची तीच ती गोष्ट. मुलगी शहाणी दाखवायची तर भोवतीचे झाडून सगळे पुरुष बिनडोक कशाला? आमची दोघं खदखदून हसली आणि आठवडाभर एकमेकांना 'तू डिंगवॉल' म्हणून चिडवत होती. मुलग्यांनी यातून घ्यायचं काय?

रानजाई
@बाबा, शेवटचा दरबार पुन्हा बघा. आमचं नशीब आम्हालाच निवडू द्या की, हे त्या येडबंबूंपैकीच एक जण बोलतो आणि बाकीचे दोघं त्याला साथ देतात. लग्न ठरवताना त्यांनाही कुणी विचारलेलं नव्हतंच की.

मला मात्र सगळ्यात खरी वाटते ती आई, एलिनॉर. राजकन्येनं खिदळू नये, टेबलावर शस्त्र ठेवू नये... आमच्याकडे हेच 'मुलीच्या जातीला शोभत नाही' या सुरात यायचं. आणि घरातले तिळे भाऊ काहीही धुडगूस घालोत, त्यांना कोण बोलतंय? ती खलनायिका नाही, हे विशेष. तिला जे शिकवलं गेलं तेच ती पुढे देतेय.

आकडेमोड
थोडे आकडे. २०१६ साली कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉअर या दोन भाषाभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या सिनेमांतले संवाद मोजले. 'ब्रेव्ह'मध्ये ७४ टक्के बोलणं बायकांचं. 'मुलान'मध्ये पुरुषांचं ७७ टक्के. 'फ्रोझन'मध्ये दोन बहिणी नायिका, तरी ५९ टक्के पुरुषच बोलतात. म्हणजे नायिका बदलते, पण दुकानदार, पहारेकरी, विनोदी सोबती हे सगळे आपोआप पुरुष.

कोपरखळी
'मुलान' फौजेत जाते हो, तिथे पुरुषच बोलणार. पण 'फ्रोझन'ला ही सबब चालायची नाही, तिथे मी हरलो.

'ब्रेव्ह'चे ७४ टक्के मात्र डोक्यावर घेऊ नका. मॉडी आठवते? वाड्यातली लठ्ठ मोलकरीण. तिच्याकडे किल्ली असते, ती ती चोळीत लपवते, आणि जादूनं अस्वल झालेला, त्या तिळ्यांपैकीच एक पिटुकला राजपुत्र थेट तिच्या छातीत उडी मारतो. सगळं थिएटर हसतं. राजकन्येचा झगा फाटला की स्वातंत्र्य, मोलकरणीच्या अंगावर झेप पडली की विनोद. बाईच्या सन्मानाचा सिनेमा आहे ना हा? की फक्त वाड्याच्या वरच्या मजल्यापुरता?

दोन_मुलग्यांचा_बाबा
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही तिघंही हसलो होतो.

पाटावरवंटा
@बाबा, मुलग्यांसाठी २०१०चा 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' लावा. गावात ड्रॅगन मारला तरच मर्द. सरदाराचा काडीपैलवान पोरगा जाळ्यात सापडलेल्या ड्रॅगनवर सुरी उगारतो आणि त्याच्याच्यानं मारवत नाही. बाप पार खचतो. शेवटी पोराचा एक पाय जातो, आणि तो जादूनं परत येत नाही. लाकूड-लोखंडाचा पाय लावून पोरगं दारात उभं राहतं. माझ्या लेखी हे मेरिडाच्या बाणापेक्षा मोठं.

रानजाई
@कोपरखळी, मॉडीचं मान्य. त्या हसण्यात मीही होते.

काल रात्री लेकीला नुसतं विचारलं, कोण आवडलं? मेरिडा, अर्थात. मग तिनंच विचारलं, "पण आई, तो फाटलेला ड्रेस नंतर कुणी शिवला?" मी म्हटलं, अगं, मेरिडा शेवटी भरधाव घोड्यावर बसून सुईदोरा चालवते की. "तो भिंतीवरचा पडदा गं, आईशी भांडताना तिनं फाडलेला. ड्रेस?"

मी दिवा मालवला.